राखेचा रंग

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडलं की भंडारवाड्याची टेकडी लागते. वर पाण्याचा जुना जलाशय आणि जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. संध्याकाळी तिथल्या बाकावर बसलं की खाली गोदी दिसते, क्रेनच्या माना दिसतात आणि त्यांच्यामागे समुद्राचा एक तुकडा. माझं सगळं बालपण या टेकडीच्या सावलीत गेलं. अब्बा गोदीत फिटर होते. भोंगा वाजला की अम्मी चहाचं आधण ठेवायची.

या टेकडीवर एकेकाळी माझगावचा किल्ला होता. ही गोष्ट मला शाळेत कळली. मास्तर सांगत होते, जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान १६८९ साली शिवडीला उतरला, त्यानं माझगावचा किल्ला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांना वर्षाहून अधिक काळ त्यांच्या कोटात कोंडून ठेवलं. औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून इंग्रज सुटले. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी निघून गेला, पण जाताना माझगावची आणि किल्ल्याची राखरांगोळी करून गेला.

'सिद्दी' हा शब्द मास्तरांच्या तोंडून निघाला आणि सगळ्या वर्गानं माना वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथं माझा मित्र बसला होता. त्याचं घराणं मुरुडचं. आजोबा मुंबईत आले ते गोदीच्या कामासाठी. वर्गातला तो एकटाच सिद्दी. डिसेंबरचे दिवस होते, त्याच्या उघड्या नडग्यांवर करडी-पांढरी पूड उडाल्यासारखी दिसत होती. मास्तरांचं 'राखरांगोळी' कानात होतंच. मधल्या सुट्टीत मी त्याला नाव ठेवलं, 'राखाड्या'. कवीला लहानपणापासून शब्द सुचतात, ते सगळेच चांगले असतात असं नाही. हे नाव दहावीपर्यंत त्याला चिकटून राहिलं.

आज मला त्या राखेविषयी बोलायचं आहे. विषय साधा आहे, कोरडी त्वचा, तिची खाज आणि तिच्यावर लावायचं मलम. पण या साध्या गोष्टीला आपल्या शहरात मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपली एक चूकही आहे.

आधी माणसांविषयी. आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्याकडे नवी नाहीत. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार चालवणारा, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा मलिक अंबर इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि १६२६ साली वारला तेव्हा मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं होतं. मुरुड-जंजिऱ्याच्या आसपासच्या मुलखाला तर 'हबसाण' असंच नाव पडलं. ते संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. या माणसांच्या नावांकडे कधी लक्ष दिलंत का? अंबर, काफूर, संदल, याकूत. अंबर हा सुगंधी पदार्थ, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन, याकूत म्हणजे माणिक. गुलामाला विकत घेणारा त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव काढून घ्यायचा आणि अत्तराच्या, रत्नांच्या पेटीतलं एखादं नाव द्यायचा. नाव सुगंधी, कातडीची मात्र कुणाला फिकीर नाही.

दुसरा प्रवाह एकोणिसाव्या शतकातला. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून ब्रिटिश आरमार सुटका झालेल्या माणसांना मुंबईला आणत असे. त्यांतल्या काही मुलांना नाशिकजवळ मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपूरला पाठवलं गेलं. आज ज्याला आपण शरणपूर रोड म्हणतो, तेच ते गाव. तिथं शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण पुढे आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालला आणि १८७४ साली लंडनमध्ये त्याच्या दफनालाही हजर होता.

तिसरा प्रवाह थेट आमच्या माझगावचा. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई आगबोटींचं शहर झालं. पी अँड ओ कंपनीच्या बोटी माझगावच्या गोदीत दुरुस्तीला येत. त्या बोटींच्या पोटात, बॉयलरसमोर कोळसा लोटण्याचं काम करणाऱ्यांमध्ये सिद्दी मोठ्या संख्येनं होते. खलाशांच्या बोलीत त्यांना 'आगवाला' म्हणत आणि कोळसा वाहून आणणाऱ्याला 'कोयलावाला'. माणसं काळी आहेत, उष्ण देशातली आहेत, त्यांना आग बाधत नाही, असा गोऱ्या अधिकाऱ्यांचा समज. आग सगळ्यांनाच बाधते. भट्टीची धग, अंगभर कोळशाची भुकटी, घामाचं मीठ, समुद्राचं मीठ आणि ते सगळं घासून काढायला साबण. त्वचा कोरडी करायची म्हणून कुणी मुद्दाम कृती लिहिली, तरी याहून वेगळी लिहिता येणार नाही.

असं का होतं, ते समजून घेऊ. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर हा मृत पेशींचा असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे निरनिराळे स्निग्ध पदार्थ. त्यांतला एक महत्त्वाचा म्हणजे सेरामाइड. हा चुना शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. साबण, कडक पाणी, कोरडा वारा, रॉकेल हा चुना धुऊन नेतात. मग पाणी उडून जातं, पेशींच्या कडा सुटतात, उचलल्या जातात आणि खाज सुरू होते. माणूस खाजवतो, भिंत आणखी ढासळते, आणखी खाज येते. हे चक्र.

आता रंगाचा प्रश्न. उचललेल्या त्या कोरड्या पापुद्र्यांवरून उजेड विखुरतो आणि ते पांढुरके दिसतात. गोऱ्या कातडीवर पांढुरकं काय दिसणार? काळ्या कातडीवर ते राखेसारखं उठून दिसतं. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये याला शब्द आहे 'अॅशी', म्हणजे राखाडीच. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या त्वचेत सेरामाइडचं प्रमाण तुलनेनं कमी असल्याचंही काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे माझ्या मित्राच्या नडगीवर जी राख होती, ती माझ्याही नडगीवर थोडीफार होतीच. माझी दिसत नव्हती, त्याची दिसत होती, एवढाच फरक.

या राखेवरचा उपाय माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. पश्चिम आफ्रिकेत शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी अंगाला लावतात. इथिओपियात लोणी केसांना चोपडतात. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया लोण्यात तांबडी माती कालवून अंगभर लेप देतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खोबरेल, आपल्या कोकणातही खोबरेल. माझी नानी श्रीवर्धनची. थंडीत आम्हां पोरांना न्हाऊ घातल्यावर अंग अर्धवट ओलं असतानाच ती तेलाचा हात फिरवायची. "अंग सुकू देऊ नको, मग तेल पीत नाही," असं म्हणायची. अब्बा गोदीतून आले की हाताचं ग्रीस रॉकेलनं काढायचे. मग हात तडकायचे, आणि रात्री त्या भेगांत खोबरेल. २००४ साली फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी कोरड्या त्वचेसाठी खोबरेल आणि खनिज तेल यांची रीतसर तुलना केली, दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. नानीला ते कळवायला मात्र फार उशीर झाला होता. सगळीच तेलं मात्र सारखी नसतात. मोहरीच्या आणि ऑलिव्हच्या तेलानं हा थर उलट कमजोर होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

मग कारखान्यांचा काळ आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना एक चिकट मेण साचायचं. तिथले मजूर ते भाजल्या-कापल्यावर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते पाहिलं, ते मेण शुद्ध केलं आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. हेच व्हॅसलीन. १८८२ साली जर्मनीत मेंढीच्या लोकरीतलं स्निग्ध द्रव्य शुद्ध करून लॅनोलिन तयार झालं. १९११ साली तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं निव्हिया आलं. पाहा, या सगळ्यांचा हेतू एकच होता, त्वचा मऊ ठेवणं.

पण याच सुमारास दुसऱ्या जातीचं एक क्रीम लोकप्रिय झालं. व्हॅनिशिंग क्रीम, म्हणजे लावताच नाहीसं होणारं. आपण त्याला 'स्नो' म्हणतो. स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार, थोडं ग्लिसरीन आणि पुष्कळ पाणी. पाणी उडालं की चेहऱ्यावर चकाकी न येणारा पातळ थर राहतो. पावडर धरून ठेवायला चांगला, पण कोरड्या नडग्यांना त्याचा फारसा आधार नाही, कारण त्यात तेलकटपणाच कमी. भारतात या स्नोचं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे अफगाण स्नो. ई. एस. पाटणवाला यांनी ते १९१९ साली बाजारात आणलं. भायखळ्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, माझगावहून चालत जाण्याच्या अंतरावर. अफगाणिस्तानच्या राजानं ती बाटली पाहून 'हे तर आमच्या देशातल्या बर्फासारखं' असं म्हटलं आणि त्यावरून नाव पडलं, अशी कथा सांगतात. एका स्वदेशी माणसानं विलायती कंपन्यांसमोर उभं केलेलं हे काम मोठंच होतं, आणि अम्मीच्या कपाटातली ती निळी बाटली मला अजून आठवते. पण नावात बर्फ आला, आणि बर्फाबरोबर पांढरेपणाही आला. पुढे १९७५ साली फेअर अँड लव्हली आलं आणि लपवाछपवी उरली नाही. क्रीम म्हणजे गोरं होण्याची वस्तू, हे आपल्या मनात पक्कं बसलं. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला. मनातला कधी जाईल, ते सांगता येत नाही.

चूक म्हणालो ती हीच. ज्या शहरात काळ्या कातडीची माणसं तीन शतकांहून जास्त काळ राहत आली, त्या शहरानं क्रीमच्या बाटलीला 'मऊ कर' असं सांगितलंच नाही. 'उजळ कर' एवढंच सांगितलं.

आता डॉक्टरांची बाजू. त्वचारोगांचं आधुनिक वर्गीकरण रूढ केलं लंडनच्या रॉबर्ट विलननं. त्याचा ग्रंथ १८०८ सालचा. रोग डोळ्यांना कसा दिसतो यावरून त्यानं गट पाडले, पुटकुळी, खवला, लाली. पद्धत उत्तम, पण समोरचे रुग्ण गोरे. त्यामुळे 'दाह म्हणजे लाली' हे समीकरण पुस्तकांत बसलं आणि ती पुस्तकं साऱ्या जगात गेली. आपल्या शहरात वेगळी नजर असलेला एक माणूस होता. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. 'ग्रेज अॅनाटमी' या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारा तोच. तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १८५८ साली, तो मुंबईत आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि इथल्या रुग्णांच्या कुष्ठरोगाचा, पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगाचा त्यानं बारकाईनं अभ्यास केला. सावळी कातडी जशी दिसते तशी पाहणारा डॉक्टर दीडशे वर्षांपूर्वी आपल्या दाराशी होता. पण मोठ्या रोगांना चित्रकार मिळतो, खाजेला कोण देणार?

काळ्या त्वचेवर दाह लाल दिसत नाही. तो जांभळट, गडद तपकिरी किंवा करडा दिसतो. बारीक पुरळ केसांच्या मुळाशी काट्यासारखं उठतं. खाजवून खाजवून चामडी जाड होते आणि आजार बरा झाल्यावरही काळे डाग कित्येक महिने राहतात. लालीच शोधणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्याला यातलं बरंचसं निसटतं. २००२ साली लंडनच्या शाळकरी मुलांच्या इसबावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाली वगळून हिशेब मांडला, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांना तीव्र इसब असण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या जवळपास सहापट निघाली. लाली मोजत बसल्यामुळे त्यांचा आजार कमी दिसत होता. २०२० साली लंडनमधल्याच मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षकांसोबत काळ्या-सावळ्या त्वचेवर रोगलक्षणं कशी दिसतात याची पुस्तिका काढली. विलननंतर दोनशे बारा वर्षांनी.

आता माझ्या मित्राकडे परत येतो. दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुन्हा भेटलो तेव्हा आम्ही तिशीच्या उंबरठ्यावर होतो. कडक उन्हाळ्यातही त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. खाजेनं त्याची झोप गेली होती. एका डॉक्टरनं हात पाहून सांगितलं होतं, "कुठं काही लाल दिसत नाही, मनातून काढून टाका." मग एका औषधवाल्यानं चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली. खाजही जाईल, रंगही उजळेल. चार दिवस बरं वाटलं. त्यात स्टेरॉइड होतं. वर्षभर लावल्यावर कातडी कागदासारखी पातळ झाली, आणि ट्यूब बंद केली की खाज दुप्पट. अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम सरकारनं केला तो २०१८ साली. दक्षिण आफ्रिकेनं तर कातडी उजळवणाऱ्या हायड्रोक्विनोनच्या क्रीमवर १९९० सालीच बंदी घातली होती, कारण तिथल्या किती तरी स्त्रियांचे चेहरे त्यानं कायमचे काळवंडले होते.

शेवटी एका सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी त्याच्या हाताकडे नुसतं पाहिलं नाही, त्यावरून बोटं फिरवली. आणि पहिला प्रश्न विचारला, "अंघोळीला साबण किती लावता?"

तो म्हणाला, "दिवसातून दोनदा. काथ्यानं घासून."

"इतका का?"

बाईंना तेव्हा त्यानं उत्तर दिलं नाही. मला दिलं. इराण्याकडे चहा पिताना, हसत हसत. "अरे, अंगावर राख आहे असं रोज ऐकल्यावर माणूस ती धुऊनच काढणार ना?"

मी काय बोलणार? दहा वर्षांच्या पोरानं ठेवलेलं एक नाव. पण त्या नावानं त्याच्या हातात काथ्या दिला आणि काथ्यानं उरलंसुरलं तेलही नेलं. माफी मागितली. तो म्हणाला, "सोड रे, तू कवी होणार होतास, कुठं तरी सुरुवात करायचीच होती."

बाईंनी त्याला जे सांगितलं, ते आपल्याही उपयोगाचं आहे. अंघोळ थोडक्यात, कोमट पाण्यानं. साबण काखेला, जांघेला, पायांना, बाकी अंगाला पाणी पुरे. घासायचं नाही, टॉवेलनं टिपायचं आणि अंग दमट असतानाच मलम लावायचं. नानी सांगायची तेच. मलम तीन तऱ्हेनं काम करतं. पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते, पाणी उडू देत नाही. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, मात्र युरिया भेगांवर झोंबतो. तेलं आणि लॅनोलिन पापुद्र्यांमधल्या फटी बुजवतात. चांगल्या मलमात बहुधा यांतल्या दोन-तीन गोष्टी असतात. वास नसलेलं घ्यावं, कारण अत्तरानंच पुष्कळांना खाज येते. दिवसातून दोनदा आणि हात आखडता न घेता. मुंबईच्या मे महिन्यात जेलीनं घामोळं उठतं, तेव्हा पातळ लोशन, आणि थंडीत पुन्हा घट्ट मलम. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही, घरात इतरांनाही खाज सुटली किंवा एखादा चट्टा बधिर वाटला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. खरूज, नायटा, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार आणि कुष्ठरोगही त्यामागे असू शकतो.

माझ्या मित्राची त्वचा सुधारायला सहा महिने लागले. काळे डाग जायला दोन वर्षं. खर्च झाला तो जेलीच्या डब्यांचा.

आज पूर्व आफ्रिकेतून उपचारांसाठी मुंबईला येणारे रुग्ण भायखळ्याच्या, डोंगरीच्या रस्त्यांवर भेटतात. हृदयाची, मूत्रपिंडाची मोठी दुखणी घेऊन येतात. आपल्या शहरात त्यांच्यावर उत्तम इलाज होतात. त्यांतल्या एखाद्यानं हात खाजवत काही विचारलं, तर त्याला उजळ होण्याची ट्यूब कुणी देऊ नये. लाली दिसत नाही म्हणून परत पाठवू नये. उजेडात हात धरावा आणि बोटं फिरवून पाहावं.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं भंडारवाड्याच्या टेकडीवर गेलो होतो. किल्ला नाही, तटाचा दगडही ओळखू येत नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. बाकावर बसल्या बसल्या त्यानं खिशातून जेलीची छोटी डबी काढली, हातांना लावली आणि माझ्यापुढे धरली. माझ्या पंजांच्या पाठी पांढऱ्या पडल्या होत्या. मला दिसल्या नव्हत्या, त्याला दिसल्या.

"लाव," तो म्हणाला, "राखाड्या झालायस."